मोऱ्या बैलाचे वरचे दात

सत्तावन्न सालच्या माघात चंद्रभागेचं पत्र आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही.

चंद्रभागा पोलादपूरच्या वरच्या वाडीतली, चौथीपर्यंत माझ्या शाळेत शिकलेली. तेव्हा मी शाळा सोडून महाडला वाचनालय सांभाळत होतो. पत्रात दोन प्रश्न होते. मशेरी लावून लावून दात काळे पडलेत, आणि फाल्गुनात मुंबईचा मुलगा बघायला येणार आहे. सावित्रीच्या काठी शुभ्रानंद महाराज उतरलेत, त्यांच्या तीर्थानं दात पांढरे होतात म्हणतात. ते घेऊ का? आणि घ्यायचं नसेल, तर दात साफ करायचे तरी कसे? खाली लिहिलं होतं, ‘गुरुवारच्या आत कळवा.’

मला खात्रीनं काहीच माहीत नव्हतं. मी तीन पुस्तकं काढली, तर तिन्हींची तीन मतं. उत्तराच्या कागदावर ‘बहुधा’ हा शब्द पाच वेळा आला, म्हणून कागद फाडला. एवढ्यात गुरुवार उलटला आणि चंद्रभागेनं नदीवर जाऊन तीर्थाची पहिली चूळ भरलीही.

पुढच्या गुरुवारी मी पोलादपूरला गेलो. नदीच्या वाळूत चारशे माणसं तोंडं उघडून पूर्वेकडे बघत उभी होती. तीर्थाची चूळ भरायची, महाराजांच्या शिष्यानं पांढऱ्या भस्मानं दात घासायचे, मग ऊन दातांवर पडेपर्यंत तोंड मिटायचं नाही, असा नियम होता. माश्या आत जात होत्या, पण कोणी थुंकत नव्हतं. तीन गुरुवारांचा नेम होता.

दात मात्र खरोखर पांढरे होत होते. महाराज उंच आवाजात समजावत होते की दाताचा काळेपणा हा मनाचा मळ आहे, आणि ते फक्त मन धुतात, दात आपोआप उजळतात. मशेरी सोडायची गरज नाही, असंही त्यांनी सांगितलं होतं. त्यामुळे बायकांची गर्दी दुप्पट झाली होती.

ज्यांचे दात उजळले ते हसायचे थांबेनात. गावातल्या एका सयाजीच्या वडिलांच्या दहाव्याला अख्खी भावकी पिंडाभोवती दात दाखवत उभी राहिली, आणि दुपार झाली तरी कावळा शिवेना.

रांगेत मला चंद्रभागा दिसली. मी छत्री उघडून छत्रीआड उभा राहिलो. ऊन नव्हतं असं नाही, पण छत्री त्यासाठी उघडली नव्हती. माझ्या देखत तिनं दुसरी चूळ भरली.

तेवढ्यात तुडीलचा भागोजी आपला बैल घेऊन आला. मोऱ्या म्हातारा झाला होता. महाडच्या बाजारात गिऱ्हाईक बैलाचं तोंड उघडून दात बघितल्याशिवाय पुढं बोलत नाही, आणि मोऱ्याचे दात जुन्या हळकुंडासारखे दिसत. ते उजळले तर बैल दोन वर्षं लहान दिसेल, असा भागोजीचा हिशेब.

महाराजांना नाही म्हणता येईना, कारण जीवमात्राचं मन धुतो असं ते सकाळीच बोलून बसले होते. शिष्यानं बैलाचे खालचे दात घासले. मग वरचा ओठ उचलला आणि तो थबकला. वर नुसती हिरडी होती. त्यानं महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी वाकून पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “पूर्वजन्मीचं पाप. तीर्थ लागताच वरचे दात गळून पडले. पुढल्या गुरुवारी नवे येतील.”

तिथं जन्मभर बैल हाकलेली चारशे माणसं होती.

“महाराज,” भागोजी अदबीनं म्हणाला, “बैलाला वर पुढं दात नसत्यातच.”

“तुमच्या बैलांना नसतील,” महाराज म्हणाले.

आता लोक घरी जातील असं मला वाटलं. कोणी हललं नाही. उलट कोंडाजी नावाचा शहाणा शेतकरी म्हणाला की नवे आले तर बघायला काय हरकत हाय.

दोन दिवसांनी भागोजी वाचनालयात आला. “मास्तर, मोऱ्या नदीवर पाण्याला वाकतो, पाणी दाताला लागलं की मुंडी झटकून वर घेतो. वैरण बी चघळंना. देवाचं पाणी चालतं, मग नदीचं का चालत नाय?”

मी पुष्कळ विचार केला. माणूस श्रद्धेपोटी कळ सोसतो आणि सांगत नाही. बैलाला श्रद्धा नसते. महाराजांनी भागोजीला मोऱ्यासाठी घरी न्यायला बाटलीभर तीर्थ दिलं होतं. ते मी मागून घेतलं आणि चुनखडीच्या खड्यावर थेंब टाकला. चुरचुर आवाज करत फेस आला. त्या रात्री मला फार वेळ झोप लागली नाही, कारण आता काहीतरी करावं लागणार होतं.

तिसऱ्या गुरुवारी मी रुमालात एक गावठी अंडं बांधून नेलं. माझा नंबर आला तेव्हा मी रुमालाची गाठ सोडली. “महाराज,” मी म्हणालो, “हे अंडं जरा पिवळट आहे. पांढरं करून हवं होतं.”

लोक हसले. पण बैलाला हो म्हटलं होतं, तेव्हा अंड्याला नाही म्हणणार कसे? ते तीर्थाच्या वाटीत सोडलं. लगेच बुडबुडे येऊ लागले. महाराज म्हणाले, “बघा, मळ निघतोय.” भजन सुरू झालं. ते तासभर चाललं आणि बुडबुडेही चालले.

कोंबड्या पाळणाऱ्या प्रयागबाईनं अंडं बाहेर काढलं. कवच पार गेलं होतं. नुसत्या पातळ पापुद्र्यात अंडं तिच्या तळहातावर थुलथुलत होतं.

“टरफल खाल्लं की ह्यानं,” ती म्हणाली. “आमच्या दाताचं काय उरलं असंल रे?”

मग मला बोलावं लागलं. तीर्थ म्हणजे पाणी घातलेलं आम्ल होतं, सोनार-कासार वापरतात तसलं. ते दातावरचा काळा थर काढतं, पण खालचं टणक कवचही खातं. वर घासतात ते भस्म खरखरीत, ते उरलंसुरलं खरवडतं. दात चार दिवस पांढरे दिसतात, मग ठणकतात, आणि कवच पातळ झालं की आतला पिवळा भाग दिसू लागतो. एकदा गेलेलं कवच पुन्हा येत नाही. बैलानं हे सर्वांच्या आधी सांगितलं होतं.

मी किती अडखळलो ते सांगत नाही. बोलणं संपेपर्यंत महाराज आणि शिष्य वाईकडच्या गाडीत बसले होते. चंद्रभागा रांगेतून बाहेर पडली होती. तिची तिसरी चूळ वाचली, पण पहिल्या दोन वाचल्या नाहीत.

फाल्गुनात मुलगा आला. त्याचे स्वतःचे दात तंबाखूनं विटेच्या भट्टीसारखे झालेले. त्यानं तिच्याकडून वर्तमानपत्र वाचून घेतलं आणि होकार दिला. दातांचा विषय निघालाही नाही.

याला अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात महाडच्या एसटी स्टँडवर ती भेटली, मुंबईहून पोलादपूरला माहेरी दोन-तीन महिने राहायला आलेली. सोबत नऊ वर्षांची मुलगी, आवडी. मी सरबत घेऊन दिलं. आवडी ते गटागट प्यायली. चंद्रभागेनं बर्फ काढून टाकला, पेला उन्हात धरून ठेवला आणि कोमट झाल्यावर घोट घेतला. आवडीच्या बोटाला मशेरीचा काळा डाग होता.

“मास्तर,” चंद्रभागा म्हणाली, “पहिल्या प्रश्नाचं उत्तर बैलानं दिलं. दुसऱ्याचं तुमच्याकडनं यायचं हाय अजून. मला नको आता. हिच्यासाठी द्या.”

मी महाडच्या दातांच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं, आणि मग लिहायला बसलो:

‘चि. चंद्रभागेस आशीर्वाद. आवडीची मशेरी आजच बंद कर, आणि तुझीही. सकाळी आणि निजताना मऊ ब्रशनं किंवा चावून मऊ केलेल्या कडुलिंबाच्या काडीनं हलक्या हातानं दात घासावे. बारीक, मऊ दंतमंजन चालेल. कोळसा, राख, विटेची भुकटी, जाडं मीठ, लिंबू यांनी घासू नये. खाल्ल्यावर चूळ भरावी. घट्ट बसलेलं किटण आणि मशेरीचा थर डॉक्टर काढतात, घरी खरवडू नये. एवढं केल्यावर दात किंचित पिवळट राहिले तर राहू देत. निरोगी दात दुधासारखे नसतात. एका चुळीत पांढरे करतो असं जो म्हणेल, त्याला आधी पाण्यात काय आहे ते विचार. चिडला तर उठून घरी ये.

तुझे दात ठणकतात त्यावरही डॉक्टरांकडे लावायला औषध आहे. कवच परत येणार नाही, पण ठणका कमी होईल. आवडीला घेऊन ये, मी बरोबर येतो.

तुझं पत्र आलं तेव्हा मला सगळं माहीत नव्हतं. पण खात्री होईपर्यंत थांब, एवढं तरी लिहिता आलं असतं. ते लिहिलं नाही, ही चूक माझी.’

पत्र पुन्हा वाचलं. ‘बहुधा’ कुठंही नव्हता. वाचनालयाला कुलूप लावून मी टपाल कचेरीत गेलो, आणि पोलादपूरची थैली बंद व्हायच्या आत पत्र टाकलं.