मलिद्याचा फोटो

अमेरिकेच्या सरकारला ज्यूद्वेष मोडून काढायचाय म्हणे. त्यासाठी खास ऑफिस उघडलं, पोर्टल काढलं, भाषणं झोडली. माझ्या लेकीची तक्रार मात्र त्याच पोर्टलवर पाच महिने लोळत पडली होती.

इला पेन्सिल्वेनियात होस्टेलवर राहते. तिच्या खोलीच्या चौकटीवरचा मेझुझा, म्हणजे आमच्या प्रार्थनेची छोटी डबी, कुणीतरी उपटून फेकला आणि दारावर लिहिलं, ‘ज्यू, चालते व्हा.’ पोरीनं डबी मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. म्हणाली, "केसचा निकाल लागू दे, मग परत लावते." मला तेवढंच हवं होतं.

पहिल्याच कॉलवर अधिकारी बाईंनी आडनाव वाचलं, पेणकर, आणि विचारलं, लग्नानंतर धर्म बदललात का? मी सांगितलं, आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचो, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. पेणमध्ये कुणी कधी पुरावा मागितला नाही. बाईंनी मागितला. धार्मिक विधीचा एखादा फोटो पाठवा म्हणाल्या.

इथे मी घोडचूक केली. यतीन, माझा नवरा, सांगत होता, "सिनेगॉगचं लेटर अटॅच कर ना." मी कसली ऐकतेय! इलाला अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा आम्ही एलियाहू पैगंबराच्या नावानं मलिदा, म्हणजे आमचा आभाराचा विधी, केला होता. गोड पोहे, खोबरं, वेलची, पाच फळं, मधोमध गुलाब. ताटामागे हिरव्या साडीतली इला. इतका देखणा फोटो, तोच पाठवला.

मंगळवारी पत्र आलं. फोटो हिंदू पूजेचा दिसतो, सबब तक्रार या प्रकारात बसत नाही. केस बंद.

मी फोन लावला. चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलेला आवाज सांगत राहिला की ज्यू विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी आम्ही कटिबद्ध आहोत. फोन आपटला आणि इलाला लावला.

"माझंच चुकलं गं. आपण अपील करू, लेटर पाठवू..."

"आई, स्टॉप." ती जराही चिडली नव्हती, याचाच मला त्रास झाला. "ज्यानं ती उपटली ना, त्याला बरोब्बर कळलं होतं मी कोण आहे. त्यानं फोटो नाही मागितला."

मी भीत भीत विचारलं, "मग डबी लावतेस ना परत?"

"राहू दे ड्रॉवरमध्येच," ती म्हणाली.