चार वाजताची रात्र

आमचा चष्मेवाला प्रेमात पडला होता. हे त्याला स्वतःला ठाऊक होतं, त्याच्या थोरल्या बहिणीला ठाऊक होतं, समोरच्या झेरॉक्सवाल्यालाही ठाऊक होतं. ज्यांना सांगायचं त्या पीटीच्या बाई दुकानात आल्या, की मात्र याची जीभ टाळ्याला चिकटायची. वय त्रेचाळीस, पण तोंडातून शब्द फुटतील तर शपथ!

बाई शाळेत मुलांना पळायला शिकवायच्या आणि महिन्यातून तीनदा तरी चष्मा मोडायच्या. कधी त्यावर चेंडू बसायचा, कधी त्या स्वतःच बसायच्या. चष्मेवाला काडीचा स्क्रू पिळायला मुद्दाम वीस मिनिटं लावायचा. एवढाच काय तो त्यांचा सहवास.

एकदा स्क्रू पिळता पिळता तो बोलून गेला, की आपल्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, चार फुटी, आत खरा समुद्रातला मासा आहे.

"काय करतो तो?" बाईंनी विचारलं.

"बसतो."

"दिवसभर?"

"बिळाच्या तोंडाशी. मी त्याला मामलेदार म्हणतो."

बाई इतक्या मोठ्याने हसल्या, की आतल्या काचेवरचे चष्मे थरथरले. "अहो, नुसताच बसणारा मासा? मग दगड काय वाईट होता? मी रविवारी येते बघायला. पण काहीतरी हलणारं दाखवा हं! आणि मारामाऱ्या नकोत. दिवसभर मी मारामाऱ्याच सोडवते."

बाई गेल्या. चष्मेवाल्याचे पाय जमिनीवर ठरेनात. त्या दिवशी त्याने एका आजोबांना बायकांची फ्रेम विकली आणि आजोबा खूश होऊन गेले.

शनिवारी सकाळी तो माशांच्या दुकानात हजर. दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही बाजूंना निळ्या उजेडातल्या टाक्या, खाली ओली फरशी आणि पंपांची गुरगुर. दुकानदार गुडघ्यापर्यंत पँट दुमडून उभा होता.

"शांत हवा," चष्मेवाला म्हणाला, "पण चपळ हवा. हिंडणारा, फिरणारा. मनमिळाऊ. आमच्या मामलेदाराला त्रास न देणारा. दिसायला बरा."

"साहेब, मासा बघताय की स्थळ?" दुकानदाराने विचारलं. चष्मेवाल्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

निळाशार छोटा मासा त्याला पसंत पडला. काय त्या गिरक्या! "तो गुंड आहे," दुकानदार म्हणाला. "आठवड्यात तुमच्या मामलेदाराच्या शेपटीच्या चिंध्या करेल." मग चपटा, थाळीएवढा एक दिसला. "तो घोडा आहे, त्याला मैदान लागतं. चार फुटांत त्याचा जीव गुदमरेल." लांब परांचा एक राजबिंडा होता, पण तो मामलेदाराचाच भाऊ निघाला, जागचा हलेना. दीड तास गेला. शेवटी दुकानदार कोपऱ्यातल्या टाकीशी थांबला. आत बोटभर लांबीचा पिवळाजर्द मासा होता. दगडाच्या वरून, खालून, मागून, पुढून, नुसता सुळसुळत होता. मध्येच थांबून एक डोळा वळवून चष्मेवाल्याला न्याहाळून गेला.

"हा घ्या. कुणाच्या अध्यात ना मध्यात. दिवस मावळेपर्यंत याचे पाय म्हणून थांबायचे नाहीत."

"माशाला पाय?"

"म्हणायची पद्धत हो! आता ऐका. झाकण घट्ट ठेवा, हा उडी मारतो. आणि वाळू आहे ना टाकीत? तर वाळूचं असं आहे, की..."

वाळूचं कसं आहे ते दुकानदाराने चांगलं पाच मिनिटं सांगितलं. पण आमचे साहेब तेव्हा रविवारी पोचले होते. बाई खुर्चीवर बसल्यात, मासा भिरभिरतोय, बाई टाळ्या वाजवतायत. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात ती हीच.

घरी आणल्यावर पिशवी तासभर टाकीत तरंगत ठेवून त्याने मासा अलगद सोडला. पिवळ्याने अर्धी फेरी मारली, नाक खाली केलं आणि खस्सकन वाळूत घुसला. संपलं! वर एक कणही हलेना.

चष्मेवाल्याचं अवसानच गळालं. रात्र झाली, रविवार उजाडला, वाळू आपली वाळूच. त्याने दुकानदाराला फोन लावला. "अहो, पाच मिनिटं घसा कोरडा करून काय सांगत होतो मी? तो वाळूतच झोपतो! उजेड गेला की आत, उजेड आला की बाहेर. नव्या घरात तर बुजून तीन-चार दिवस वर यायचाच नाही. उकरू नका!" एवढ्यात दारावर बाईंची बेल वाजली आणि चष्मेवाल्याने फोन आपटला.

बाईंनी टाकीत पाहिलं. मामलेदार बसला होता.

"तो पिवळा... आत आहे," चष्मेवाला वाळूकडे बोट दाखवत म्हणाला. "फार चपळ आहे."

"इतका चपळ, की दिसतच नाही!" बाई म्हणाल्या, आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. मग यालाही फुटलं. दोघं डोळे पुसत, एकमेकांना 'श्शू, बुजेल तो' म्हणत, दोन तास वाळूकडे बघत बसली. त्या दोन तासांत चष्मेवाला आयुष्यात पहिल्यांदा सलग तीन वाक्यं बोलला. निघताना बाई दारात वळल्या. "शाळा सुटली की पाचला येणार मी. रोज. दिसेपर्यंत."

सोमवारी आल्या, मंगळवारी आल्या. बुधवारी दुपारी तो जेवायला घरी आला, तर टाकीत पिवळा धुमाकूळ! वर, खाली, मामलेदाराच्या डोक्यावरून. चष्मेवाला जागच्या जागी नाचला. आणि नाचता नाचता थांबला. दिसेपर्यंत! आज पाचला मासा दिसला, की उद्या पाचला कोण येणार?

टाकीवरच्या दिव्याला टायमर होता, सकाळी आठला लागून रात्री आठला विझायचा. माशाची बारा तासांची हक्काची जाग मोडायला काही याचं मन धजेना. म्हणून त्याने काटा फिरवून दिवा पहाटे चारला लागून दुपारी चारला विझेल असा लावला. खिडकीचा जाड पडदा एरवीही बंदच असायचा. झालं! चारला टाकीत रात्र, पिवळा अंथरुणात, पाचला बाई हजर.

"दिव्याला बुजतो अजून," असं त्याने ठोकून दिलं. बाईंनी मान डोलावली. मग त्या मिणमिणत्या खोलीत रोज कुजबुज आणि खिदळणं. बाई शाळेतल्या गमती सांगायच्या, हा आजोबांच्या फ्रेमची सांगायचा. बाई घरी गेल्यावरही हा वेडा जिन्यात हसत उभा राहायचा.

"अरे गाढवा," वरच्या मजल्यावरची ताई एकदा म्हणाली. दोघा भावंडांचा स्वयंपाक तिच्याकडेच असायचा. "पहाटे चारला तुझ्या खिडकीतून उजेड, दुपारी चारला अंधार. ताकाला जाऊन भांडं काय लपवतोस? सांगून टाक ना तिला!"

"सांगितलं आणि ती यायची थांबली तर?" तो म्हणाला.

पण ताईच ती. अकराव्या दिवशी शाळा लवकर सुटली आणि बाई मोडका चष्मा हातात घेऊन साडेतीनलाच दारात आल्या. ताईने लगबगीने दार उघडून त्यांना टाकीसमोर बसवलं आणि भावाला फोन केला. "बाई आल्यात. मासाही आलाय. निघ."

चष्मेवाला सुटला. गिऱ्हाइकाचा नंबर काढताना घालतात ती जाड गोल लोखंडी फ्रेम त्याच्याच नाकावर होती, एका डोळ्यात भिंग, दुसऱ्यात काळी चकती. त्या अवतारात तो भर रस्त्यातून पळाला. घरात शिरला तेव्हा बाई काचेला नाक लावून बसल्या होत्या आणि पिवळा त्यांच्या नाकासमोरून गिरक्या घेत होता.

"अगंबाई, काय गोड आहे हो!"

"आजच... आजच आलेला दिसतोय," चष्मेवाला धापा टाकत म्हणाला.

खट्. चार वाजले. दिवा विझला. आणि पिवळ्याने कसलाही विचार न करता, रोजच्या सवयीने, नाक खाली करून वाळूत बुडी मारली.

बाईंनी वाळूकडे पाहिलं. टायमरकडे पाहिलं. मग लोखंडी फ्रेमकडे पाहिलं. दोन्ही हात कमरेवर गेले.

"रोज चारला?"

"हो."

"किती दिवस?"

"बुधवारपासून. आज आठ झाले."

"माझी सगळी पाचवी ब रोज विचारते, बाई, मासा आला का? मी त्यांना धीर धरा म्हणून शिकवतेय! आणि तुम्ही... का पण?"

आता पळायला जागा नव्हती. चष्मेवाल्याने फ्रेम काढली. "दिसला असता, तर तुम्ही आला नसता," तो म्हणाला. "मला तुम्ही यायला हव्या होतात. मासा काय, कधीही दिसला असता. तुम्ही फार आवडता मला."

चष्मेवाल्याला वाटलं, संपलं सगळं, आता बाई पर्स उचलतील. त्या उठल्या. टायमरपाशी गेल्या, डोळे बारीक करून काटा आठवर नेला आणि दिवा लावला.

"त्या मुक्या जिवाला पुन्हा फसवायचं नाही," त्या दरडावून म्हणाल्या. "आजच्या दिवस त्याला ओव्हरटाइम. बसा खाली."

तो बसला. अर्ध्या तासाने वाळूतून पिवळं नाक आलं, मग एक वैतागलेला डोळा, मग सगळा मासा. बाईंनी खुशीत चष्मेवाल्याच्या पाठीवर अशी थाप मारली, की तो खुर्चीसकट पुढे सरकला. तिथून आठ कधी वाजले ते दोघांनाही कळलं नाही. दिवा विझला, पिवळा झोपायला गेला.

"झोपला," चष्मेवाला म्हणाला, आणि पाहुण्यांना दारापर्यंत सोडायला उभा राहिला.

"दिसलं मला," बाई म्हणाल्या. त्यांनी पाय वर घेतले आणि खुर्चीत ऐसपैस मांडी घातली.

तेवढ्यात वरून ताईची हाक आली, "अरे, पानं किती वाढू?"

चष्मेवाल्याची जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली. तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल अशा आवाजात बाईंनीच उत्तर दिलं.

"तीन!"