दुसरी बॉबिन संपेपर्यंत

आमच्या घरात शिकलेली माणसं पुष्कळ आणि अक्कल बेताची, हे मला आधीपासून ठाऊक होतं. सुनेचा कॉम्प्युटर बंद पडायला लागला तेव्हा त्यांनी ते पुराव्यानिशी सिद्ध केलं.

सून एका इंजिनिअरच्या ऑफिससाठी घरी बसून इमारतींचे नकाशे काढते. तिचा कॉम्प्युटर माझ्या शिवणाच्या खोलीत, कारण घरात दुसरी खोली मोकळी नाही. एका भिंतीला माझं शिलाई मशीन, समोरच्या भिंतीला तिचं टेबल. दोघी एकमेकींकडे पाठ करून बसतो. बोलणं कमी, म्हणून भांडणही कमी.

तीन आठवडे तो कॉम्प्युटर काम चालू असताना फट्‌दिशी काळा पडत होता. ना आवाज, ना सूचना. अर्धा नकाशा गायब आणि सून डोक्याला हात लावून. दोनदा तिचं काम उशिरा गेलं. तिसऱ्यांदा साहेबाचा फोन आला, की दवाखान्याचा नकाशा शुक्रवारी दुपारी बाराच्या आत आला नाही तर यापुढचं काम दुसऱ्या कुणाला तरी. सून तीनदा "हो सर" म्हणाली. लग्नानंतर आठ वर्षं हातातली विद्या ट्रंकेत घालून बसलेली बाई ती. हे काम तिनं कुणाच्या ओळखीशिवाय मिळवलं होतं. फोन ठेवल्यावर ती माउस हातात धरून नुसतीच बसली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की आता बघायला हवं.

तोवर घरातले पुरुष बघत होते. माझा मुलगा म्हणाला, "विंडोज खराब झालंय." त्यानं सगळं पुसून नव्याने भरलं आणि त्यासोबत घरातले सगळे फोटोही पुसले. कॉम्प्युटर दुसऱ्याच दिवशी परत काळा. मग दुरुस्तीवाला आला. कव्हर काढून, डबा उघडून, तोंडाने फुंकर मारून तो घेऊन गेला. दुकानात दोन दिवस अखंड चालला म्हणे. घरी आणला, मी कव्हर घातलं, तासाभरात काळा. दुरुस्तीवाला छताकडे बघून म्हणाला, "तुमच्या घराच्या वायरिंगमध्ये काहीतरी आहे." त्याच वायरिंगवर माझं मशीन चालतं, फ्रिज चालतो, त्याचा फुकटचा चहाही विजेच्या शेगडीवरच झाला होता, तो विचार त्याला शिवला नाही.

कव्हराचं सांगते. आमच्या घरात कुठलीही वस्तू उघडी राहत नाही. मिक्सर, टीव्ही, पंखा, सगळ्यांना मी मापाची कव्हरं शिवली आहेत. लोक हसतात, त्यांच्या मिक्सरवरचे डाग मी पाहिलेत. कॉम्प्युटरच्या डब्याला तर मी नुकतंच दुहेरी अस्तराचं कव्हर शिवलं होतं, मधे पातळ स्पंज, बटणापुरतं काज आणि वायरींपुरती चीर. असं काम बाजारात मिळत नाही.

सगळ्यांत शेवटी जावईबापू आले. ते कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. तिथे काय करतात ते माझ्या मुलीलाही सांगता येत नाही. त्यांनी अर्धा तास टकटक केलं आणि निकाल दिला, "व्हायरस. वहिनी काहीतरी नको ते उघडत असणार."

सून म्हणाली, "मी नकाशांशिवाय काहीच उघडत नाही."

"सगळे असंच म्हणतात," जावईबापू म्हणाले.

मी मशीनवरूनच विचारलं, "जावईबापू, रविवारी माझा मुलगा यावर तीन तास पत्ते खेळतो, तेव्हा हा बंद पडत नाही. तेव्हा व्हायरस झोपतो का?"

ते हसले. "आई, हे तुमच्या मशीनसारखं नसतं. तेल घातलं की चाललं, असं नाही."

ते हसणं मी जपून ठेवलं.

गुरुवारी माझ्याकडे उशांचे अभ्रे होते. सगळे एकसारखे, सरळ टीप, म्हणजे दोऱ्याच्या मापाने वेळ कळतो. सुनेनं कॉम्प्युटर लावला, मी मशीनमध्ये दोऱ्याची भरलेली बॉबिन बसवली. दुसरी बॉबिन संपत आली आणि पाठीमागे सुनेचा सुस्कारा. काळा. तिनं लगेच परत लावला. या वेळी अर्ध्या बॉबिनीत काळा. मग आम्ही जेवलो, भांडी झाली. परत लावला, तर पुन्हा बरोबर दोन बॉबिनी चालला.

विंडोज खराब असतं तर ते आमच्या जेवणासाठी थांबलं नसतं. व्हायरसलाही भांडी घासण्याशी काही देणंघेणं नसावं. थंड झाला की चालतो, तापला की पडतो. माझ्या मशीनची मोटरही सलग सहा तास चालवली की तापते. मी तिला विसावा देते, तिला फॉरमॅट करत नाही. पत्त्यांना मेहनत पडत नाही, नकाशा फिरवायला पडते. एवढं कळायला कंपनीत जावं लागत नाही.

मी उठले आणि कव्हराच्या आत हात घातला. नुकत्याच फिरवलेल्या इस्त्रीसारखा चटका. डब्याच्या पाठीला जाळी होती, आत पंखा गरगरत होता, आणि त्या जाळीच्या तोंडावर माझा दुहेरी अस्तराचा स्पंज गच्च बसला होता.

हा गाढवपणा दुसऱ्या कुणी केला असता तर मी त्याला वर्षभर ऐकवलं असतं.

"तुला माहीत होतं?" मी सुनेला विचारलं.

"संशय होता."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"पहिल्या आठवड्यात काढून ठेवलं होतं, आई. तुम्ही म्हणालात, माझ्या शिवणाची लाज वाटते का. आणि परत घातलंत."

"नवऱ्याला सांगायचं."

"सांगितलं. ते म्हणाले, काम गेलं तर दुसरं मिळेल, आईला कोण सांगणार."

मुलाबद्दल जे मनात आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कव्हर काढलं, घडी घातली आणि माझ्या स्टुलावर बूड टेकायला घेतलं.

शुक्रवारी सकाळपासून सून बसली. एक बॉबिन, दोन, तीन. चौथी मी घड्याळाकडे बघतच बसवली. साडेअकराला मुलगा जावईबापूंना घेऊन आला. बाहेर गाडी उभी होती. कॉम्प्युटर उचलून न्यायचं दोघांनी परस्पर ठरवलं होतं.

"वहिनींच्या हाताखाली मशीन टिकत नाही," जावईबापू दारातून म्हणाले. "हे अवजड काम त्यांना झेपायचं नाही."

"दहा मिनिटं थांबा," सून म्हणाली. मान न वळवता. दहा मिनिटांनी तिनं एक बटण दाबलं आणि खुर्चीत मागे टेकली. "गेला नकाशा."

मुलगा स्क्रीनकडे बघत राहिला. "बंद नाही पडला?"

"कसा पडेल?" जावईबापूंची छाती फुगली. "मंगळवारी मी व्हायरस साफ केला ना! बघा वहिनी, दोष मशीनचा नव्हता. आता जपून वापरा."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. ती बोलणार नव्हती. मी गप्प बसले असते तर माझी शान शाबूत राहिली असती, आणि ही बाई जन्मभर या घरात मशीन बिघडवणारी ठरली असती. वर हा ठोंब्या शहाणा ठरला असता. ते तर मला मुळीच सोसलं नसतं.

"जावईबापू," मी म्हणाले, "तुमचा व्हायरस मी बुडाखाली घेऊन बसलेय." कव्हर ओढून काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "हे मी शिवलं, मी घातलं, हिनं काढलं तेव्हा मीच पुन्हा घातलं. त्यात मशीन गुदमरत होतं. हिला कळलं होतं. माझ्या मुलालाही कळलं होतं, पण त्याला बायकोच्या कामापेक्षा स्वतःचे कान प्यारे. तुम्हाला तेवढं कळलं नाही."

मुलगा चपलांकडे बघू लागला. जावईबापू कव्हर उलटसुलट करत म्हणाले, "शिवण छान आहे पण."

"ते मला माहीत आहे."

कॉम्प्युटर आता उघडाच असतो. सून रोज फडक्यानं पुसते, मी बघत नाही असं दाखवते. ते कव्हर फुकट घालवायला मी काही बावळट नाही. त्यातून जावईबापूंच्या फोनला पिशवी शिवून दिली, दुहेरी अस्तराची, चारी बाजूंनी बंद. परवा मुलगी सांगत होती, यांचा फोन हल्ली फार तापतो.

मी म्हटलं, व्हायरस असेल.