पागेची फरशी

जयसिंगरावांचं पत्र होळीच्या सुमारास आलं होतं आणि लक्ष्मीकांत मास्तरांनी त्याला उत्तर धाडलं नव्हतं. जहागिरी गेली, वाडा विकला, आता तुकोगंज भागात बंगला बांधतो आहे, खाली तळघर काढलं आहे, त्यात आजोबांची पुस्तकं ठेवायची, तर स्वस्तातली फरशी कोणती टाकावी? "तुम्ही सगळं वाचलेलं असतं," असं शेवटी होतं.

ही तीच पुस्तकं, जी वाडा विकताना जयसिंगराव रद्दीत घालणार होते. मास्तरांनी ती टांग्यातून राजवाड्यामागच्या आपल्या दोन खोल्यांत आणली होती, आणि भिंतीला लावून, पुसून, जपून ठेवली होती. आता बंगल्याला शोभा हवी म्हणून मालकाला त्यांची आठवण झाली होती. लहानपणी मास्तरांनीच त्यांना शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे समोर बसवलं होतं. त्या मुलाने पुस्तक हातात घेतलेलं त्यांनी पाहिलं होतं ते फक्त माशी मारताना.

मास्तरांना फरशीतलं काय कळणार? तरी बिचारे चार बांधकामांवर जाऊन उभे राहिले. इथली काळी माती ओल धरते, तेव्हा खाली मुरूम ठोकून वर चुन्यात विटा बसवाव्या, असं त्यांच्या मनात आलं. पण उत्तर लिहायला बसले की वाटायचं, आपण कोण सांगणारे? हातातला टाक पुन्हा खाली ठेवायचे.

भाद्रपदात निरोप आला, "फरशी झाली, पुस्तकं आणा." मास्तर एक गठ्ठा काखेत मारून निघाले.

गेलेल्या जहागिरीचं निशाण बंगल्याच्या फाटकावर सिमेंटात उठवलं होतं. सरकारी परमिटावर मिळालेलं सिमेंट बहुधा त्यातच संपलं असावं. दिवाणखान्यात संगमरवर असा गुळगुळीत, की पाहुणे धोतर सावरत भिंतीच्या कडेने चालत होते.

"आओ मास्तरजी! पत्राला जवाब नाही, काही नाही. बड़े आदमी हो गए!" जयसिंगराव जिन्यावरून त्यांना खाली घेऊन गेले. "देखो. बिलकुल फोकट!"

तळघरात जाड, काळसर दगड होते आणि प्रत्येकावर आडवे चर खोदलेले होते.

"हे चर कशाला?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"अहो, आजोबांची पागा पाडली ना, तिथले दगड. घोड्याचा पाय घसरू नये म्हणून. खानदानी माल आहे!"

"पण पुस्तकं..."

"पुस्तकं काय पळतात, घसरायला?" जयसिंगराव आपल्याच विनोदावर खो खो हसले. "ठेवा तो गठ्ठा. चला, चहा घेऊ."

वर त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी शेवेची बशी पुढे केली. "मास्तर, चपला मात्र बाहेर हं. संगमरवराला डाग पडतो."

"आणि रोज खाली बसून आमच्या घराण्याची बखर लिहा," जयसिंगराव म्हणाले. "थंडगार जागा, पंख्याचा खर्च नाही. और क्या चाहिए?"

मास्तर शेव खात राहिले. नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. निघताना ते एकटेच तळघरात उतरले. दगड घामेजले होते, चरांत पाण्याची रेघ चकाकत होती. गठ्ठ्यातल्या तळच्या पुस्तकाची पाठ लिबलिबीत झाली होती. त्यांनी ते नाकाशी नेलं, तर तबेल्याचा वास. कितीक पिढ्यांच्या घोड्यांनी भिजवलेला तो दगड पावसाळी हवेत सगळं परत देत होता. मास्तरांना हसू आलं. या घराण्याची बखर लिहायला दुसरं कुणी नकोच होतं, दगडांनीच ती लिहून ठेवली होती.

गठ्ठा पुन्हा काखेत मारून ते मागल्या दाराने निघाले. वाटेत पोस्टात पाकीट न घेता त्यांनी मुद्दाम उघडं कार्ड घेतलं. बंगल्यावरच्या गड्यांनी वाचलं तरी हरकत नव्हती. पोस्टाच्या बाकावर बसून त्यांनी लिहिलं:

"चि. जयसिंगराव यांस आशीर्वाद. आपल्या होळीच्या पत्राचं उत्तर. तळघराला फरशी उत्तम आहे. कृपया तिथे घोडेच बांधावे. पुस्तकं माझ्याकडे आहेत, माझ्याकडेच राहतील. मी येणार नाही."

पेटीशी जाऊन त्यांनी ते पुन्हा वाचलं. जरा जास्त झालं का? झालं होतं खरं. टाक मागून त्यांनी 'कृपया' खोडलं आणि कार्ड आत सोडलं.