उसवलेली गाडी

टेलरबाईंना सवत नव्हती, पण गाडी होती. चार दारांची, उंदराच्या रंगाची, नवऱ्यापेक्षा वयाने जेमतेम पाचसहा वर्षांनी लहान. ती दुकानाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असे आणि बाई रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी तिच्याकडे बघून एकदा नाक मुरडत.

नवरा सरकारी कचेरीत नकाशे आखायचा. रेघ इतकी सरळ की कचेरीतले लोक त्याला इंचपट्टी म्हणत. बोलणंही तसंच, मोजून. उन्हाळ्यात माणूस बरा. पण थंडी पडली, साडेपाचलाच दिवे लावावे लागले, की तो आतून विझायचा. सहा वर्षांपूर्वी त्याने अख्खा हिवाळा भिंतीकडे तोंड करून काढला होता. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तो उठून बसायला लागला. उभा राहिला तो मात्र गाडीमुळे.

पद्धत त्याची त्यानेच शोधली. थंडी सुरू झाली की धडधाकट चालणारं इंजिन तो खोलून ठेवायचा. एकेक नट, एकेक स्क्रू बाईंच्या बटणांच्या रिकाम्या डब्यात, आणि डब्यावर नकाशातल्या अक्षरात चिठ्ठी: 'वरचं झाकण, डावीकडून तिसरा.' मग पुसायचं, घासायचं, तेल द्यायचं आणि उन्हं परत येईपर्यंत एकेक जागच्या जागी बसवायचं. रोज संध्याकाळी दोन तास. त्या दोन तासांच्या भरवशावर तो सकाळी दाढी करायचा.

बाईंना हे कळत नव्हतं असं नाही. कळूनच राग यायचा. पंचवीस वर्षं संसार केलेल्या बायकोने 'उठा' म्हटलं तर उठायचं नाही, आणि एका तुंबलेल्या कार्बोरेटरसाठी टुणकन उठायचं, हा कुठला न्याय?

यंदा ते डबे शेडमधून सरकत सरकत दुकानात आले. आधी खिडकीत, मग कापडाच्या फळीवर, मग इस्त्रीच्या टेबलावर. त्यातच इस्पितळाच्या चाळीस पांढऱ्या कोटांची ऑर्डर होती, आणि एका कोटाच्या पाठीवर पाच काळी बोटं उमटली. धुतली, घासली, जाईनात.

"हा माझ्या पोटावर पाय आहे," बाई म्हणाल्या.

"ग्रीस आहे," इंचपट्टी म्हणाला. "रॉकेलने निघेल."

माफी नाही, काही नाही. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेल्यावर त्यांनी दादाला, म्हणजे थोरल्या भावाला, फोन केला.

दादाचं मोठं गॅरेज होतं आणि मेहुणा त्याला पहिल्यापासून डोळ्यांत खुपायचा. चालती गाडी खोलणारा माणूस अर्धवटच असणार, हे तो चारचौघांत, मेहुण्यासमोर सांगायचा. दोन मेकॅनिक घेऊन आला आणि शीळ घालत तीन तासांत सगळं जोडून मोकळा झाला. गाडी खोकली, घुरघुरली, चालू झाली.

"हे घे," चावी टेबलावर फेकत दादा म्हणाला. "एका दुपारचं काम, आणि हे ध्यान पाच वर्षं त्याच्याशी खेळतंय."

संध्याकाळी इंचपट्टी आला. बाई भांडायला सज्ज होत्या, दुपारभर उत्तरं घोळवून ठेवली होती. त्याने बॉनेट उघडलं, बघितलं, मिटलं.

"झालं?" एवढंच म्हणाला. मग बूट काढले, आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

दुसऱ्या दिवशी उठला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गोळी हातावर ठेवली तर गिळायचा, चहा तसाच गार व्हायचा. बाईंनी समजावलं, झापलं, एकदा पांघरूणही ओढलं. तो भिंतीकडेच. कचेरीतून फोन आला की साहेब आणखी आठवडाभर थांबतील, मग लेखी विचारणा होईल. डॉक्टर घरी येऊन गोळी वाढवून गेले.

नवव्या दिवशी बाई खरोखर घाबरल्या. त्या जुन्या हिवाळ्यात एकदा, फक्त एकदाच, तो म्हणाला होता, "मी नसलो तर तुझं बरं होईल." ते वाक्य आता पुन्हा घरभर फिरायला लागलं होतं. आणि या खेपेला ते आपणच बोलावून आणलंय, हे बाईंना पक्कं माहीत होतं.

त्यांनी दादाला फोन लावला. "ये आणि गाडी होती तशी खोलून ठेव."

दादा खो खो हसला. "लोक माझ्याकडे गाडी जोडायला येतात बाई, उसवायला नाही. लाड पुरे कर त्याचे. दोन दिवस जेवायला देऊ नकोस, सुतासारखा सरळ येतो की नाही बघ."

"तोंडाला कुलूप लाव आणि चावी विहिरीत टाक," बाई म्हणाल्या आणि फोन आपटला.

उसवणं त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पदर खोचला, शेडचं दार उघडलं, बॉनेट वर केलं आणि हाताला लागेल तो पाना घेतला. जे निघालं ते काढलं. कुठला नट कुठला, याच्या चिठ्ठ्या लिहायच्या फंदात त्या पडल्या नाहीत. सगळं कपडे धुवायच्या टबात. अर्धा टब भरल्यावर त्यांनी हिशोब केला: हे तो पंधरा दिवसांत निवडून टाकेल, आणि थंडी अजून दोन महिने आहे. त्या दुकानात गेल्या. कोटांची, शर्टांची, चार भोकांची, दोन भोकांची, वर्षानुवर्षं निगुतीने वेगळी ठेवलेली बटणांची एकोणीस डबडी उचलून आणली आणि तीही टबात ओतली. वरून हात घालून ढवळली.

शेवटचा एक बोल्ट हलेना. बाईंनी पान्यावर हातोडा घातला.

तिसऱ्या घावाला मागून आवाज आला. "उलटा फिरवतेयस! खालून बसवलाय तो, घट्ट होतोय!"

इंचपट्टी दारात उभा होता. अंगावर घोंगडी, पाय अनवाणी, नऊ दिवसांची दाढी.

"माणूस आहेस की कसाई?"

"कसाई," बाई म्हणाल्या. "काय कराल? परत झोपाल?"

"झाकणाचे नट कुठेत?"

"टबात."

"सगळे एकत्र?" त्याचा आवाज चिरकला. तो टबाशी आला. "आणि ही... बटणं?"

"माझी. शनिवारपर्यंत मला पांढरी, चार भोकांची एकशे साठ हवीत. चाळीस कोट अडलेत."

"तू मुद्दाम केलंस हे."

"हो."

"दुष्ट आहेस."

"आहे. नऊ दिवस भिंतीशी बोललात, आता टबाशी बोला."

तो हलला नाही. हा आता आत वळला तर त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता. इंचपट्टीने वाकून एक नट उचलला, घोंगडीला पुसला, उजेडाकडे धरला. मग एक बटण उचललं आणि डाव्या बाजूला ठेवलं.

"दिवा लाव," तो खेकसला. "दिसत नाहीये काही."

बाईंनी दिवा लावला आणि दुकानात येऊन मशीनवर बसल्या. मशीनमध्ये दोरा नव्हता. तरी पाय चालवत राहिल्या, रडण्याचा आवाज शेडमध्ये जाऊ नये म्हणून.

संध्याकाळी त्याने एक डबा मशीनवर आदळला. चिठ्ठी होती: 'पांढरी, चार भोकांची. तेवीस.'

"तुझ्या भावाला सांग," तो म्हणाला, "पुन्हा माझ्या गाडीला हात लावला तर बोटं मोडीन."

"सांगते. बाकीची बटणं कधी?"

"उद्या."

"उद्या कधी?"

"आधी दाढी करू देशील की नाही?" इंचपट्टी गुरकावला.