खापराआडचे दिवे

साल अठ्ठावन्न. दिग्रसपासून चार कोसांवरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात मानीबाईच्या लेकीचं, जमनीचं लगन होतं, अन् त्याच सकाळी तांड्याचा नायक उत्तमसिंग दारात येऊन उभा राहिला.

"मानी, तुह्या आंगनात अंधार. घरात गडीमानूस नाही. लगन माह्या दारी लावू, माह्याकडं गॅसबत्ती हाय."

मानीबाईनं पदर पुढं ओढला, पण बोलायची ती बोललीच. "नायक, तिचा बाप गेला तवापासून याच आंगनात म्या एकटीनं तिले वाढवलं. लगन इथंच लागंल."

"वऱ्हाड आलं तवा उजेड असला तं इथं. नाही तं माह्या दारी. ठरलं!"

नायकाचा शब्द म्हणजे शब्द. झालं! बाईच्या अंगाची लाही लाही झाली.

ऊन उतरताच तिनं अन् शेजारच्या सुखीबाईनं दिग्रसच्या बाजारातून आणलेल्या चाळीस पणत्या आंगणभर मांडून लावल्या. अर्ध्या तर वाऱ्यानंच विझल्या. उरलेल्या डोळ्यांत टोचायला लागल्या. ना निंब दिसे, ना भिंत.

"अवो माय," सुखीबाई म्हणाली, "हे तं अंधारात कोल्ह्यांचे डोळे टपून बसल्यासारखं दिसून राह्यलं!"

मानीबाईला रडू कोसळलं. पण रडून कोणाचं लगन लागलंय? तिनं फुटक्या रांजणाचं एक खापर उचललं अन् वाऱ्याच्या बाजूनं पणतीला आडोसा केला. ज्योत दिसेनाशी झाली अन् मागची पांढऱ्या मातीची भिंत लख्ख उजळली.

"सुखी, खापरं आन! दिवा झाकाचा, उजेड मोकळा सोडाचा!"

निंबाच्या बुडाशी, चुलाणाच्या कडेला, दाराच्या दोन्ही अंगांना, सगळ्या पणत्या पुन्हा पेटून खापराआड गेल्या. मग तिनं पेटी उघडली अन् लेकीसाठी दहा वर्षं आरसे टाचटाचून शिवलेला लगनाचा घागरा, घेरदार फेटिया, निंबाच्या फांदीवर पसरला. खालच्या एका पणतीनं शंभर आरसे पेटले. बघता बघता घराघरांतून बायका आपापले फेटिये घेऊन आल्या. नायकाची बायको बसंतीबाई मागच्या दारानं आली, अन् तिचा फेटिया सगळ्यांत मोठा!

वऱ्हाड आलं. पुढं नायक, हातात फुसफुसणारी गॅसबत्ती. ती कुंपणापाशी आली अन् तिच्या पांढऱ्या झगझगाटात आंगणाचं रूपच गेलं. वऱ्हाडाचा म्होरक्या भावसिंग डोळ्यांवर हात धरून थबकला.

"नायक, थे बत्ती इझवा ना! आंगन दिसून नाही राह्यलं."

उत्तमसिंगानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. निरुपायानं त्यानं चावी सैल केली. बत्ती सुस्कारा टाकून विझली.

अन् काय सांगू! निंब बुडापासून शेंड्यापर्यंत सोनेरी झाला. भिंतीवर, बैलांच्या पाठींवर, वऱ्हाड्यांच्या पागोट्यांवर कवडसे नाचायला लागले. म्हातारे हसायला लागले, डफवाल्यानं न सांगता थाप मारली.

नायकानं विझलेली बत्ती कुंपणाला टेकवली. "भावसिंग, चला आत. लगन इथंच लागंल."

मानीबाईला मोठ्यांपुढं मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. पण आज आनंद पोटात मावेना. जमनीला छातीशी धरून ती साऱ्या तांड्यादेखत ओरडली, "माह्या दारी! पोरी, तुहं लगन माह्या दारी!"