निरोपाचे पोगाचे

"खरं सांग, गिझी. कसा झालाय?"

खरं सांगायला आधी तोंड रिकामं हवं. एटेल्काने भाजलेला पोगाचा पाव माझ्या तोंडात होता आणि काही केल्या चावला जात नव्हता. डाव्या दाढेखालून उजव्या दाढेखाली नेला, परत आणला, शेवटी चहाच्या घोटाबरोबर ढकलला एकदाचा घशाखाली.

"चांगला आहे," मी म्हटलं.

"थापा मारू नकोस. डोळे बाहेर आले होते तुझे."

"मग विचारतेस कशाला? दगड आहे, दगड! पोरांच्या झोळीत घातलास तर झोळी फाटेल."

म्हटलं खरं, आणि लगेच जीभ चावली. एटेल्का स्टुलावर बसली. डाव्या हाताने तिने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, दुसऱ्या कुणाचं मूल सांभाळायला दिलं असावं तसा.

दुपारची वेळ होती. पलीकडच्या खोलीत मुलं झोपली होती. बालवाडीच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. ती इथली स्वयंपाकीण आणि मी मदतनीस, म्हणजे नाकं पुसणारी, बुटांच्या नाड्या बांधणारी, सांडलेलं सूप पुसणारी. टिसा नदीकाठच्या या गावात मी लग्न होऊन आले, तेव्हापासून आम्ही रोज भांडतो. दुसरी मैत्रीण मला नाही आणि तिलाही नाही.

ईस्टरच्या आधी एटेल्काला अर्धांगाचा झटका आला. हलका होता, डॉक्टर म्हणाले, नशीब. बोलणं शाबूत, चालणं शाबूत. उजवा हात हलतो, चमचाही धरतो, पण त्या हाताला काही कळत नाही. गरम नाही, गार नाही, ओलं नाही, कोरडं नाही. मुलांच्या जेवणासाठी दुसरी बाई आली. एटेल्काने घरी बसावं असं सगळ्यांनी सुचवलं. उन्हाळ्यात ती निवृत्त होणारच होती. पण बाई ऐकेल तर शपथ. "निरोपाचे पोगाचे करून मगच जाईन," म्हणाली आणि ॲप्रन बांधून हजर.

आमच्याकडे हंगेरीत गोष्टीतला धाकटा मुलगा नशीब काढायला घराबाहेर पडतो, तेव्हा आई त्याच्या झोळीत पोगाचे घालते. खारे, गोल, बोटभर उंचीचे छोटे पाव, वर सुरीने मारलेली जाळी. म्हणून मोठ्या गटातली मुलं बालवाडी सोडून शाळेत निघतात, त्या दिवशी त्यांच्याही खांद्याला छोटी झोळी आणि झोळीत पोगाचा. या गावातल्या निम्म्या माणसांनी आयुष्यातला पहिला निरोप घेतला तो एटेल्काचा पोगाचा बरोबर घेऊन. आमची मुख्याध्यापिका ओर्शोयासुद्धा त्यातलीच.

त्याच वेळी ओर्शोया दारात आली. ओट्यावरचे पोगाचे तिने पाहिले, माझा चेहरा पाहिला आणि तिला सगळं कळलं. पोरगी मनाने चांगली आहे. खाली मान घालून म्हणाली, "एटेल्का मावशी, मी बेकरीत सांगून ठेवलंय. रद्द करता येतील, पण उद्या दुपारपर्यंत कळवायला हवं."

"बेकरीतले?" एटेल्का उठून उभी राहिली. "पोरं काय बसस्टँडवर निघाली आहेत?"

"तसं नाही हो. पण निरोप परवावर आलाय. आणि हे…" तिने एक पोगाचा उचलला, टेबलावर ठेवला. टक्क असा आवाज आला. तिघींनी ऐकला.

"उद्या दुपारपर्यंत आहे ना वेळ?" एटेल्का म्हणाली. "मग उद्या दुपारी बोलू."

ओर्शोया गेली. एटेल्काने पुन्हा परात काढली. पीठ, आंबट साय, डुकराची चरबी, अंडं, कोमट दुधात फुगवलेलं यीस्ट. सगळं तेच, इतकी वर्षं होतं तेच. डाव्या हाताने मळ म्हटलं, तर म्हणाली, डावा हात भांडं धरण्यापुरता, त्याला पिठातलं काही कळत नाही. उजव्याने मळायला लागली. हात बिचारा जात होता, येत होता. आणि मग सवयीने तिने पिठाच्या डब्यात हात घातला. मूठभर घातलं. पुन्हा मूठभर. गोळा चिकटतोय की सुटलाय हे हाताला कळतच नव्हतं, म्हणून आपली भीतीपोटी पीठ ओतत होती. मला दिसत होतं, पण पिठातलं मला काय कळतं? माझे स्वतःचे पोगाचे नवऱ्याने कधी दुसऱ्यांदा मागितले नाहीत.

"पुरे कर, एटेल्का," मी म्हटलं. "कोणाला काय सिद्ध करून दाखवायचंय? एवढं केलंस या पोरांचं. बेकरीतले तर बेकरीतले."

"मला सिद्ध नाही करायचं काही!" ती ओरडली. "मी इथून आजारी बाई म्हणून जाणार नाही, एवढंच! स्वयंपाकीण म्हणून आले होते, स्वयंपाकीण म्हणून जाईन!"

आणि तिला रडू फुटलं. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हाही नाही. काय करावं ते सुचेना, म्हणून मी तिच्यावरच खेकसले, "पिठात पाणी जातंय बघ!"

"पाणी हवंच आहे त्यात," मागून आवाज आला.

बोरोका. मोठ्या गटातली, गुडघ्याएवढी पोर, पण बोलणं तहसीलदाराचं. झोपेतून उठून अनवाणी आली होती, गालावर उशीची घडी उमटलेली. परातीपाशी येऊन तिने सरळ बोट खुपसलं गोळ्यात.

"ई! किती कोरडं! माझ्या आजोबांच्या टाचेसारखं."

"हात काढ!" मी म्हटलं. "धुतलास तरी का?"

"थांब, गिझी." एटेल्काने डोळे पुसले. पोरीकडे अशी बघत राहिली, की मलाच कसंतरी झालं. "टाचेसारखं म्हणजे? फुटलेल्या टाचेसारखं?"

"हो. कसं हवं असतं?"

"कानाच्या पाळीसारखं."

बोरोकाने स्वतःच्या कानाची पाळी दाबून पाहिली. मग माझी दाबली, चांगली जोरात. मग पुन्हा पीठ. "गिझी मावशीचा कान जुना आहे, पण तरी पिठापेक्षा मऊ आहे. दूध घाल."

एटेल्काने दूध घातलं. मळलं. "आता?"

"आता चिकटतंय. शेंबडासारखं."

"छान. असंच हवं. आता मी मळत राहते आणि तू मधेमधे हात लाव. सुटायला लागलं की सांग."

एक मळतेय, एक बोट घालून सांगतेय, आणि मी कान चोळत उभी. शेंबडाचा चिखल झाला, चिखलाचं लोणी झालं, आणि मग बोरोका एकदम ओरडली, "सोडलं! माझं बोट सोडलं त्यानं!"

त्या गोळ्याचे झालेले पोगाचे काही फार ग्रेट नव्हते. आधीच इतकं पीठ खाल्लेला गोळा, तो कितीसा सुधारणार? पण एक टेबलावर ठेवला, तर टक्क वाजला नाही. एटेल्काने तो मोडून पाहिला, आतली जाळी पाहिली आणि म्हणाली, "गिझी, हात माझा गेलाय. पण हात कमी आहेत का या घरात?"

मी लगेच फडकं शोधायला लागले. कारण सगळं पुसायला शेवटी मीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओर्शोयाने कपाळाला हात लावला. "मुलं स्वयंपाकघरात चालणार नाहीत, मावशी. नियम आहे."

"ठीक. मग पीठ मुलांकडे जाईल. पिठाला कुठे नियम आहे?"

ओर्शोया हसली आणि तिथेच हरली. कोपरापर्यंत हात घासून घेतले मी एकेकाचे, नखांसकट, आणि मोठ्या गटाच्या खोलीत टेबलं पुसून प्रत्येकापुढे एकेक छोटा गोळा ठेवला. पुढे जो काही धुडगूस झाला तो विचारू नका. पीठ केसांत, पीठ कानांत, पीठ खोलीतल्या बिचाऱ्या मासोळीच्या काचपेटीवर. चोंगोर नावाचा एक दांडगा पोरगा टेबलावर गुडघे टेकून मळत होता, शेजाऱ्याशी हिशेब चुकता करावा तसा.

आणि मधून एटेल्का फिरत होती. उजवा हात ॲप्रनच्या खिशात. एकाही गोळ्याला हात लावला नाही तिने.

"बोल, हाताला कसं लागतंय?"

"माझ्या बहिणीच्या पोटासारखं, मावशी!"

"तान्ह्या की मोठ्या?"

"तान्ह्या."

"झालं तुझं. झाकून ठेव, झोपू दे त्याला. तुझं रे?"

"ओल्या मोज्यासारखं."

"मळ अजून. चोंगोर, हे काय?"

"ट्रॅक्टर."

"पोगाचा गोल असतो."

"माझा नांगरायला जाणार आहे."

"नांगरायला घरी. इथे गोल."

लाड नाहीत हं. वाकडी झाली जाळी, पुन्हा लाट. कडा चेपली, पुन्हा काप. छोट्या ग्लासच्या काठाने कापायचं, सरळ खाली दाबायचं, पिळायचं नाही, नाहीतर भाजताना लंगडा होतो. एक मुलगी रडायला लागली, तर एटेल्का म्हणाली, "रड, पण मळता मळता. मीही काल रडले." मुलगी आश्चर्याने गप्पच झाली.

ट्रे ओव्हनमध्ये गेले आणि सगळी बालवाडी शांत झाली. मग वास आला. भाजलेल्या चरबीचा, यीस्टचा, वरून लावलेल्या अंड्याचा. पोरं दारात एकावर एक चढून नाकं वर करून उभी. ओर्शोया हातात फोन घेऊन आली, बेकरीला कळवायची वेळ झाली होती.

एटेल्काने ट्रे काढायला मला लावलं. पोगाचे उभे राहिले होते. काही कललेले, काही जुळ्यांसारखे चिकटलेले, एक तर उघड उघड ट्रॅक्टर. पण सगळे फुगलेले, सोनेरी, वरची जाळी उकललेली. ओर्शोयाने एक उचलला, हात भाजला, तोंड भाजलं, तरी खाल्ला. दुसरा घेतला. तिसरा घेतला आणि तोंड भरलेलं असतानाच फोन लावला. "हॅलो? हो, बालवाडीतून. नकोत. नकोत म्हटलं! आमचे झालेत!"

पोरांनी जी आरोळी ठोकली, ती नदीपलीकडे गेली असेल. मीही ओरडले. एटेल्काच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं मी, लाज कशाची?

एटेल्काने एक मोडला, चावला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"मीठ थोडं कमी आहे," ती म्हणाली. मग दुसरा घेतला, आणि तोही संपवला.

निरोपाच्या दिवशी सभागृहात आया, बाप, आज्या, पाळण्यातली भावंडं, कोण कोण गोळा झाले होते. मुलांच्या खांद्यांना झोळ्या. चोंगोरचा बाप पोराच्या झोळीत डोकावून हळूच म्हणाला, "अरे, हा एटेल्का मावशीचा ना? मलाही दिला होता तिनं." तर चोंगोर सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "तिचा नाही, माझा आहे! मी केलाय! ती नुसती ओरडत होती!" सगळं सभागृह हसलं. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एटेल्काकडे मी पाहिलं. तिचा चेहरा असा फुलला होता, जसा एखाद्या बाईचा मुलाच्या लग्नात फुलतो.

मुलांनी रांग धरली. प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर, गाणं सुरू व्हायचंच होतं, इतक्यात शेवटची उभी असलेली बोरोका रांगेतून निघून सरळ भिंतीपाशी आली.

"मावशी, तूही जाणार आहेस ना आता?"

"हो गं."

"मग रांगेत का नाहीस?"

"मी कुठे शाळेत निघालेय? म्हातारी बाई मी."

"शाळेत नाही. पण जातेयस ना? जाणाऱ्यांची रांग आहे."

पोरांसाठी एक झोळी नेहमी जास्तीची शिवतो आम्ही, ऐनवेळी कुणाची फाटली तर. मी धावत जाऊन ती आणली, ट्रेमधला उरलेला एक पोगाचा तिच्यात घातला आणि एटेल्काच्या खांद्याला अडकवली. "चल," म्हटलं, "आता भाव नको खाऊस." उद्यापासून त्या स्वयंपाकघरात भांडायला मला कुणी नव्हतं.

तिने ॲप्रन सोडून माझ्या हातात दिला आणि बोरोकाच्या मागे जाऊन उभी राहिली. बोरोकाने तिचा उजवा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला. गाणं सुरू झालं, रांग निघाली. दोन-चार पावलांत तो हात घसरला. बोरोकाने पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला.

"नीट धर ना, मावशी."

"धरते की गं. पण मला कळत नाही, धरलंय की सुटलंय."

बोरोकाने मान न वळवता तो हात आपल्या दोन्ही हातांनी खांद्यावर दाबून धरला.

"मग मी सांगते तुला," ती म्हणाली. "आत्ता धरलंयस."

एटेल्काने मान हलवली आणि गाणं म्हणायला लागली. रांग स्वयंपाकघराच्या दारावरून गेली, बागेतून गेली आणि फाटकाबाहेर पडली.